आईचं पिंप

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे.) तुझी तब्येत, भावोजींचं पित्त आणि मुलांच्या परीक्षा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे बाबांचा गुडघा, माझी पाठ आणि तळघराचा जिना यांत आधी कोण मोडतं याची चढाओढ लागली आहे.

पत्राला निमित्त झालं ते बाटलीच्या लेबलाचं. दुकानदार म्हणतो, हल्ली लोक वाईन पिण्याआधी वाचतात, तेव्हा मागच्या बाजूला घराण्याचा इतिहास छापा. ते काम माझ्या गळ्यात पडलं. आता तूच सांग, काय लिहू? आजोबांनी मनुकांसाठी आणलेली द्राक्षं हौदात टाकली, आजारी बहिणीला बघायला म्हणून गेले आणि तिकडेच रमले, हे लिहू? (बहीण बरी झाली तरी ते हलेनात, तिच्या हाताला चव होती. आजीचा राग त्यावर होता, द्राक्षांवर नव्हताच.) परत येऊन बघतात तो हौद फसफसतोय. आजोबांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "राहू दे." झाली वाईनरी सुरू. बाबांना हे दोन शब्द सोनेरी अक्षरांत छापून हवे आहेत. तेव्हापासून आपल्याकडे घरातलं एक नाक सगळं ठरवतं. पिंपावर खडूचा गोल म्हणजे वाईन बाटलीत जाणार, फुली म्हणजे व्हिनेगर झालं. आजोबांनंतर हा मान बाबांकडे आला आणि बाबांनंतर तुझ्याकडे जाणार हे आई तू शाळेत असल्यापासून सांगायची. माझा प्रश्नच नव्हता. दूध करपलं की मला ते शेजारी येऊन सांगतात.

पुढे तू बाबांच्या गोलावर फुली मारलीस आणि बाबांनी ती सगळ्यांदेखत बाहीने पुसली. त्यावर मी काही बोलत नाही. तू रागाने घर सोडून गेलीस ती फक्त आई गेली तेव्हा आलीस, आणि तेव्हाही तळघरात उतरली नाहीस. (ते पिंप व्हिनेगरच निघालं. आम्ही अजून तेच वापरतोय. संपता संपत नाही.)

तुला न कळवलेली गोष्ट अशी की, आईला घेऊन गेला तोच ताप जाताना बाबांचं नाकही घेऊन गेला. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. गेल्या महिन्यात वाईन चाखायला पाहुणे आले. त्या सकाळी मी पेल्यांचे डाग काढायला त्याच व्हिनेगरचा जग भरून घेतला होता आणि तो माझ्या हातून टेबलावरच राहिला. बाबांनी त्यातलं सगळ्यांना ओतलं, आपला पेला फिरवला, वास घेतला (पाहुण्यांसमोर ते कधी पीत नाहीत, नुसता वास घेतात) आणि म्हणाले, "यंदाची सगळ्यात चांगली." एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण बोलणार? सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एका डॉक्टरांनी तर घरी न्यायला बाटली मागितली. मीही घोट घेतला आणि मान डोलावली. बाबांनी एकेकाचा चेहरा बघितला, शेवटी माझा. मग "बरं" म्हणून पेला खाली ठेवला आणि जिना चढून वर गेले. त्यानंतर त्यांनी खडू हातात धरलेला नाही. मला त्या दिवसाचं फार वाईट वाटतं, ताई.

आणि खाली आईचं पिंप आहे. तिने स्वतः भरलेलं आणि स्वतःच्या हाताने बूच ठोकलेलं शेवटचं. त्यावर गोल नाही की फुली नाही. एव्हाना उघडायला हवं होतं, दिवसेंदिवस ते बिघडत असणार. पण बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. "नाक परत आलं की बघू" म्हणतात आणि त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राहतात. आमची ही त्यांचा चहासुद्धा तिथेच नेऊन देते. लेबलावरचा इतिहास इथवर आला आहे आणि पुढची ओळ मला सुचत नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. लेबलाचं मी कसंही निभावून नेईन. खरं काम वेगळंच आहे. चार दिवस ये आणि आईचं पिंप तू उघड. बाबा तोंडाने म्हणणार नाहीत, पण खडू अजून त्यांच्या खिशात आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला बाबांकडे दिलं तर त्यांनी पत्र बाहेर काढून वाचलं. म्हणाले, आईचं पिंप त्यांनी केव्हाच उघडून बघितलंय. वास आला नाही, पण जीभ पोळली. व्हिनेगर झालंय. तिच्या पिंपावर फुली मारायला हात उठेना म्हणून बूच परत ठोकून ठेवलं. मला म्हणाले, "हे तिला लिहू नकोस. पिंपासाठी तरी येईल ती." म्हणून लिहितोय. पिंपात आता काही नाही, ताई. तरी ये.