खडकांपलीकडची शाळा

१२ जाने.
आज फजिती. मीटिंग लांबली, घड्याळ पाहिलं अन् तोंडातून निघालं, "सर, निघते, भरती येईल." सगळे खो खो हसले. हेडसर म्हणे, बाई, अकोटात कोणता समुद्र? नऊ वर्षं कोकणात शिकवलं. शाळेची वाट खडकांवरून, पाणी चढलं की बंद. बदली होऊन सहा महिने झाले, तरी पाय तिथंच. घरी सांगितलं तर सासूबाईही हसल्या. मीही हसली. मग न्हाणीत जाऊन रडली.

२९ जाने.
एकादशी. सासूबाईंनी साबुदाणा भिजवला. अन् मी? कॅलेंडरपुढं उभी राहून तिथीचं पाऊण करून राहिली. अकराचं पाऊण, म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती. भरतीची वेळ तिकडं सगळे अशीच काढतात. यांनी विचारलं, काय पुटपुटते. काही नाही म्हटलं.
माझी बदली व्हावी म्हणून या माणसानं कुठं कुठं नवस बोलले. मी तिकडं होती तेव्हा दुकान बंद करून रोज फोन. अन् मी इथं बसून पाणी मोजते. लाज वाटते.

३ फेब्रु.
मयुरीचा फोन. माझ्या जागी गेलेली पोरगी, मूर्तिजापूरची. रडून राहिली. वारा झोपू देत नाही म्हणे. "ताई, आपसी बदली करता का? तुमी इकडं, मी तिकडं."
हो म्हणणारच होती. पाहू म्हटलं.
ते काळे खरबरीत खडक. लाट आपटली की पार डोक्यावरून पाणी उडायचं. पहिल्या वर्षी भ्याली, मग त्याच्यावाचून करमेना. कोणाले सांगू हे?

९ फेब्रु.
यांनाच सगळं सांगून टाकलं, मयुरीच्या फोनचंही. जेवून उठत होते, परत बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "चाल, एकदा दाखव मले," म्हणे. आधी दोनदा तिकडं आले तेव्हा माझ्या खोलीबाहेर निघाले नव्हते. पाण्याले भेतात, भित्रे कुठले.

१६ फेब्रु.
रजा टाकून आलो. ओहोटी होती. हे चपला हातात घेऊन, खेकडा दिसला की थांबत. मी पुढं पळाली. वळून पाहिलं तर हे खडकावर बसून मलेच पाहून राहिले.
"तू फोनवर रोज म्हणायची, घरी याचं हाय. पण घरी आल्यावर अशी हासली नाहीस."
"तुमच्यासाठीच आली मी."
"माहीत हाय. म्हणून तर म्हणतो, आता तूच ठरव. मी फोन करत जाईन."
काय माणूस हाय हा! चिडतही नाही.
पाणी चढू लागलं तसे निघालो. हे घसरले, माझा हात धरला. मयुरी चहा टाकून दारात उभी. आता काय ते सांगा, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. यांनी हात सोडला होता. मी नव्हता सोडला.