शरदसाठी पाटी

इंदूर, ६ मे १९७३

चि. उदयसिंह यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. तुझ्या कुमुदिनीचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. शालिनीला म्हणावं, आता तरी तिला बर्फाचा गोळा देऊ नकोस.

कृष्णपुऱ्याचं घर अखेर सोडलं. मालकाला सगळी ओळ पाडून तिथे बिल्डिंग बांधायची आहे. शेजारपाजार चहूकडे पांगले. आम्ही अन्नपूर्णा मंदिरामागे किरायाने आलो. पाणी भरपूर, हवा मोकळी, पण माझं चित्त तिकडेच आहे. गेल्या वर्षी रिझल्टच्या दिवशी ह्यांनी रागाच्या भरात शरदला पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हटलं आणि पोरगा नेसत्या कपड्यांनी गेला, तो गेलाच. एक ओळ नाही. उद्या परतला तर जुन्या दारीच जाईल ना? तिथे दारच नाही आता.

म्हणून त्या जागी नवा पत्ता लिहून पाटी लावायची ठरवली आहे. रस्त्याकडची भिंत राहणार आहे, तिच्यावर लावा म्हणून मालकाने हो म्हटलं. मी म्हणते, हरी मिस्त्रीकडून सागवानी पाटी करून घेऊ, अक्षरं कोरलेली. हे ऐकायला तयार नाहीत. सागवान कशाला, ती काय जन्मभर लावायची आहे, दिवाळीच्या आत येतो तो, म्हणतात. तुझ्या खात्याच्या प्रदर्शनात थर्माकोलची पांढरी अक्षरं पाहिली होती, तीच डोक्यात बसली आहेत. तू तरी समजाव.

घरच्यांना आशीर्वाद. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी,
प्रेमलताताई

---

भोपाळ, १४ मे १९७३

ती. ताईस,

उदयसिंहचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. थर्माकोल वजनाला हलकं, ब्लेडने झटकन कापलं जातं, दुरून उठून दिसतं. पण आम्ही ते मंडपाच्या आत लावतो, तेही चार दिवसांपुरतं. उघड्यावर ऊन-पावसात त्याचा काय निभाव लागणार? लाकूडच घ्या, असं लिहायला बसलो होतो.

तेवढ्यात दाजींचं पत्र आलं. लाकडाचा विषय काढू नकोस, असं त्यांनी बजावलंय. म्हणतात, सागवानी पाटी ठोकली की पोरगा वर्षानुवर्षं येत नाही हे मी माझ्या हातांनी मान्य केलं असं होईल. ताई, मग मी थर्माकोलच आणलं. अक्षरं कापून घेतली आहेत, खोक्यात भुसा घालून पाठवतो. माझा कान धरायचा असेल तर पुढच्या खेपेला येईन तेव्हा धर.

लोभ आहेच, त्यात उणं पडू देऊ नकोस.

तुझा,
उदयसिंह

---

इंदूर, २२ जुलै १९७३

श्री. उदयसिंहराव यांस,

जयसिंगरावाचा सप्रेम नमस्कार वि. वि. अक्षरं सुखरूप पोचली होती. लाल रंगात असावीत म्हणून पेंटर भियाकडे दिली. त्याने ऑइल पेंट लावला आणि आमच्या डोळ्यांदेखत ती विरघळायला लागली. आधी 'श' खचला. पेंटर बिचारा अरे बाप रे, अरे बाप रे म्हणत फुंकर मारत होता. तुम्ही दुसरी पाठवलीत, ती पांढरीच लावली, मागे निळा पुठ्ठा. शरद, घर आता अन्नपूर्णा मंदिरामागे, एवढाच मजकूर तुमच्या ताईने सांगितला होता. बाबा रागावलेले नाहीत, ही ओळ मी वाढवली.

पावसाने पुठ्ठा फुगतो, सरस सुटतो, खालची ओळ बकऱ्या कुरतडतात. दर रविवारी जाऊन चिकटवतो. तुमच्या ताईला वाटतं मी दर्शनाला जातो, तिला तसंच वाटू द्या. 'र' पुन्हा लागेल, आणि 'ग'. जमल्यास थोडे जास्तच पाठवा.

मुलीस आशीर्वाद. कंटाळा न करता असाच लोभ करावा.

आपला,
जयसिंगराव

---

इंदूर, १८ ऑक्टोबर १९७३

चि. उदयसिंह यास,

ताईचे आशीर्वाद. ह्यांना मलेरियाने पार आडवं केलं होतं. आता ताप उतरला आहे, अशक्तपणा आहे. तापात सारखे 'अक्षरं, अक्षरं' म्हणत होते, तेव्हा मला रविवारच्या दर्शनाचा उलगडा झाला. मग मीच कृष्णपुऱ्याला जाऊन आले. भिंतीवर काही नव्हतं. वादळात पुठ्ठ्यासकट सगळं गेलं, चिखलात एक काना तेवढा सापडला.

समोर नवा चहावाला बसतो. त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, दसऱ्याच्या सुमारास एक लडका आला होता, दुबला, दाढी वाढलेली, खांद्याला झोला. खूप वेळ त्या भिंतीपुढे उभा होता. इथली माणसं कुठे गेली म्हणून त्याने विचारलं. चहावाल्याला काय ठाऊक, त्याने मालूम नहीं भिया म्हणून सांगितलं. मुलाने चहा घेतला आणि बसस्टँडच्या दिशेने गेला. नाक कसं होतं, उजव्या भुवईवर खूण होती का, मी किती विचारलं. अम्माजी, इतना कौन देखता है, म्हणाला.

शरदच असेल. नसेलही. बसस्टँड, धर्मशाळा, सराफा, सगळीकडे जाऊन आले. त्याचा फोटो दाखवते तर लोक म्हणतात असे पुष्कळ येतात. घरी येऊन ह्यांना सांगून टाकलं. सांगायला नको होतं रे. रडले असते, ओरडले असते तर बरं. नुसते भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

तुझी,
ताई

---

इंदूर, ३ फेब्रुवारी १९७४

चि. उदयसिंह यास,

ताईचे आशीर्वाद. दिवाळी आली तशी गेली. तू येऊन बसलास, भोपाळ स्टेशनवरही शोधलंस, तुला तरी आणखी काय करता येणार होतं?

संक्रांतीनंतर एका सकाळी हे आपणहून टोपी घालून निघाले, मला चल म्हणाले. थेट हरी मिस्त्रीच्या दुकानात. सागवानाच्या फळ्या हाताने चाचपून त्यातली सर्वांत जाड निवडली. किती वर्षं टिकेल, विचारलं. मिस्त्री म्हणाला, तेल देत राहिलात तर तुमच्या-आमच्या मागेही राहील. हे म्हणाले, तशीच पाहिजे. अक्षरं खोल कोरायला लावली, बोट फिरवून पुन्हा खोल करायला लावली. मी मान वळवून उभी राहिले. जिच्यासाठी इतकी भांडले ती पाटी, पण मला ती बघवेना.

काल ती लागली. तुला न विचारता एक गोष्ट केली आहे, रागावू नकोस. आमचं किरायाचं मकान, आणि वयंही झाली. म्हणून ह्यांनी आमच्या पत्त्याखाली तुझ्या भोपाळच्या घराचा पत्ता कोरून घेतला. मिस्त्री आवरायला लागला तर त्याला थांबवलं आणि तुझ्या नावाखाली कुमुदिनीचं नाव घालायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, ती नऊ वर्षांची आहे. तर म्हणाले, म्हणूनच.

तिला शरददादा कसा दिसतो ते नीट सांगून ठेव. लोभ तुझा आहेच, तो तिच्यापर्यंत पोचव.

तुझी,
प्रेमलताताई