उष्ट्या हळदीचा वास

बाबा, मागच्या कागदात मी लिहिले होते की लग्नात हळद बाधून माझ्या हातांवर फोड आले. ते चुकीचे होते. हळदीने मला कधीच काही केलेले नाही, आणि हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी तुमच्याविषयी लिहिताना माझा हात आपोआप तुमची बाजू सावरतो. म्हणून आधी हे दुरुस्त करते, मग पुढचे लिहिते.

कल्याणच्या घरातली मागची पडवी अजून डोळ्यांपुढे आहे. आई नव्हती, म्हणून तुम्ही मला औषधे कुटता कुटता जवळच बसवत असा. मुळाक्षरेसुद्धा मी डब्यांवरून शिकले. लोध्रातला ल, मंजिष्ठेतला म. रोगी आला की तुम्ही माझ्याकडे वळायचात. "डबी बघू नकोस, कातडी बघ. काय मागते ती?" मी बोट टेकवून बघते. तेलकट आहे, मुरमे आहेत, तर लोध्र, धने आणि वेखंड पाण्यात उगाळून. कोरडी, भेगाळलेली असेल तर तिळाचे तेल किंवा साय. तिथे वेखंड गेले तर आग व्हायची. लाल होऊन चिडलेली असेल तर थोडे चंदन आणि वाळा, बाकी काहीही नाही. दोन जहाल औषधे एका दिवशी लावायची नाहीत, आणि नवे काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचे. एकदा ठाण्याच्या मिठागरातली एक बाई आली होती, मिठाने हात सोलवटलेले. त्याच वेळी एक सावकारीणबाई मुलीला उजळवण्यासाठी लेप मागत बसल्या होत्या. तुम्हाला त्यांच्यासाठी मसुराचे पीठ चाळताना पाहून मिठागरवाली म्हणाली, "मना गोरी नाय व्हवाचं, वैदा. हाताची आग थांबव, येवराच." तुम्ही खळखळून हसलात आणि पुन्हा पुन्हा पाण्यात फेटून धुतलेले तूप तिला दिलेत. ती गेल्यावर मला म्हणालात, "लोक रंग मागतात, कातडी आराम मागते. आपण कातडीचं ऐकायचं, लोकांचं नाही."

बावचीचा दिवसही मला आठवतो. बावचीच्या तेलाचे बोट पुसून मी अंगणात खेळायला निघाले, तर तुम्ही मनगट धरून मला आत ओढलेत. असे तुम्ही एरवी कधी केले नाही. "ही कोडावरची. चांगल्या कातडीला लागून ऊन लागलं तर दुसऱ्या दिवशी फोड उठतात आणि डाग वर्षानुवर्षं जात नाहीत." मी रडले ते तुमच्या आवाजाला. मग तुम्ही माझे डोळे झाकून एकेक डबी नाकाशी धरलीत. बावची मी दोनदा ओळखली. तुम्ही म्हणालात, "नाक माझं घेतलंस ग पोरी." कोणी मला दागिना दिला असता तरी इतका आनंद झाला नसता.

आता लग्नाचा दिवस. मी बारा वर्षांची आहे, पाटावर बसले आहे. ठाण्याहून नवऱ्याची उष्टी हळद वाटीतून आली आहे आणि मावशी ती माझ्या हातांना चोळते आहे. वास येतो. मी तुमच्याकडे बघून म्हणते, "बाबा, ह्यात बावची आहे." बायका हसतात. मावशी म्हणते, "अगं बाई, वैद्याची लेक लग्नातसुद्धा औषधं हुंगतेय!" तुम्ही हसत नाही. "गप्प बस. हळदीला हळदीचाच वास येतो," म्हणता आणि उठून आत जाता. मला वाटले, माझे नाक चुकले. त्या दिवशी मला कशाची लाज वाटली असेल तर ह्याचीच. थोड्या वेळाने मागीलदारी तुम्हाला मावशीला हळूच सांगताना मी ऐकले, "हिचे हात डाळीच्या पिठानं धुऊन काढ, आणि हिला उन्हात बसू देऊ नकोस." पण मांडवात ऊन येत होते, आणि वैशाखातली वरात बैलगाडीने ठाण्याला गेली. सासरी दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड उठले. निरोप मिळाल्यावर तुम्ही तूप पाठवलेत आणि सांगून धाडलेत, हळद बाधली असेल. डाग अजून आहेत.

पुढे मला नांदायला आणले तेव्हा ह्यांच्या छातीवरचे आणि कोपरांवरचे पांढरे चट्टे मी पाहिले. कोनाड्यात तेलाची बुधली होती, तिच्या तोंडाला तुमच्या पद्धतीची गाठ. मी ती उघडून हुंगली, बावचीच. हे म्हणाले, "तुझ्या बाबांचंच तेल. का, तुला ठाऊक नव्हतं? ते तर म्हणाले होते, मुलीला सगळं सांगितलंय, तिची हरकत नाही." सासूबाईंनी तर पुढे एकदा हसत सांगितले, "औषधाचा दिवस चुकू नये म्हणून मी हळद त्याच तेलात कालवली. उष्टी तुझ्याकडे जायची, हे डोक्यातूनच गेलं बघ!" त्या भोळेपणाने चुकल्या. तुमचे तसे नव्हते.

मी ह्यांच्यावर रागावलेली नाही. कोड लागत नाही, हे तुम्हीच शिकवलेत, आणि हे माणूस म्हणून चांगले आहेत. तेल आता मीच काढते. बाराव्या वर्षी मुलीला कोणी विचारत नाही, तेही मला कळते. मला विचारले नाहीत ह्याचे दुःख कमी आहे. मी बरोबर ओळखले होते आणि तुम्ही मला चूक ठरवलेत, ह्याचे आहे. त्यानंतर कितीतरी वर्षे मी कुणाला साधा लेप देतानाही दहादा हुंगत असे आणि तरी खात्री वाटत नसे. माझ्या तोंडून न निघालेला होकार तुम्ही कुणाला देऊन बसलात, हे मला नवऱ्याच्या तोंडून कळावे?

हे सगळे आता उकरण्याचे कारण आहे. धाकट्या दिरांच्या कमरेवर तसाच चट्टा उठला आहे आणि त्यांच्यासाठी कल्याणची मुलगी ठरत आली आहे. सासूबाई मला म्हणाल्या, "हळद या खेपेला तू कालव, तू जाणती आहेस. आणि मुलीची आई काही विचारू लागली तर सांग, घर निरोगी आहे. तुझ्या शब्दावर तिचा भरवसा आहे, वैद्याची लेक म्हणून." मी म्हटले, "आणि पुढे कळलं म्हणजे?" "कळल्यावर तू कुठे गेलीस? नांदतेसच ना?" मी ह्यांना विचारले, मुलीच्या आईला खरे सांगू का? हे म्हणाले, "सांग तू तिला. पण मला एक सांग, तुला आधी कळलं असतं तर तू आली असतीस का?"

बाबा, मला ते ठाऊकच नाही, आणि आता कधी ठाऊक होणारही नाही. तेवढे तुम्ही माझ्याकडून घेतलेत.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक कबूल करते. मला फार भीती वाटते आहे, आणि काल तेल काढताना मी मोठ्याने तुम्हालाच विचारले, कसे सांगू? मग माझेच मला हसू आले. मुलीची आई चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे यायची आहे. अक्षय्य तृतीयेला, दुपारी, ती पाटावर बसली की सांगेन. तिच्या हाताला हळद लावण्याआधी.