धारेखाली कोणी नेलं

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
धाराशिव, भाद्रपद वद्य ३, शके १८६५

सौ. चन्नम्मा वहिनी यांस महानंदेचे शरणार्थ.

इकडे सर्व ठीक. तुम्ही लावलेला कारल्याचा वेल कुडावर चढला. कपिला तुमच्यामागं दूध देत नाही, आईला दोनदा लाथ मारली. दादा हल्ली जेवताना कशालाच नाव ठेवत नाहीत.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे तुमचे भाऊ शांतलिंगअण्णाच वाचतील. अण्णा, कृपा करून सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचा. मधलं काही गाळू नका.

पहिल्या श्रावण सोमवारी आपण रामलिंगाला गेलो. दादा गाडीपाशी थांबले. देवळामागं डोंगरावरून धबधबा कोसळत होता, झाडीत तुषारांचा नुसता धूर. तुम्ही म्हणालात, "पायच भिजव गं. गळ्यातल्या लिंगाचा दोरा जुना झालाय तुझा."

"वहिनी, तुमी लई म्हातारीवानी बोलता," म्हणून मी हसले आणि एकटीच धारेखाली गेले. छातीशी हात नेला तर दोरा तुटलेला. लहानपणी आपल्या गुरूंनी, जंगमांनी, गळ्यात बांधलेलं इष्टलिंग गेलं. तुम्ही लुगड्यानिशी गळ्याइतक्या पाण्यात उतरून तळ चाचपलात. मी काठावर रडत उभी.

घरी आईनं विचारलं, "कुनी नेलं गं तुला धारेखाली?"

मी म्हणाले, "वहिनींनी."

तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत आणि चुलीपुढं जाऊन बसलात.

नागपंचमीला तुम्ही माहेरी जळकोटला गेलात, तेव्हा आईनं चिठ्ठी सांगितली, "लेकीच्या लिंगाची जिला पर्वा न्हाय ती आमाला नको. बोलावल्याबिगर धाडू नका." घरात लिहिता येणारी बाई मी एकटीच. मी लिहिली. एक अक्षर खोडलं नाही. शाळेत उर्दूच्या शुद्धलेखनात नुक्त्याचा एक ठिपका चुकला तरी मी आपणहून उठून सांगते.

जंगमांनी नवं लिंग दिलंय. पूजेला तळहातावर घेते, पण त्याच्याकडं पाहवत नाही.

काल आईला खरं सांगितलं. संध्याकाळी दुधाची रिकामी चरवी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "जिनं ते लिवलं तिनंच हे लिवावं."

दादा परवाच्या मोटारीनं तुम्हाला न्यायला येतील. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही आलात, तर का नाही असं आई विचारील. या खेपेला मी तुमचं नाव सांगणार नाही.

स्वतःच्या पायांनी धारेखाली गेलेली,
तुमची नणंद
महानंदा