टोमॅटोवरची काळी मगर

४ फेब्रुवारी
गच्चीवरचा उन्हाचा कोपरा, नळासकट, सोसायटी एकाच घराला बागेसाठी देणार. अर्ज दोन. एक माझा, दुसरा खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाईंचा. दहा मार्चला सेक्रेटरी दोघींच्या बाल्कनीतले टोमॅटो बघून ठरवणार. ठरवायचंय काय त्यात? फॉर्मॅलिटी. मी उभी हयात इन्शुरन्समध्ये खोटे क्लेम पकडले. नर्सबाई झाडांशी सोन्या, बबड्या करत बोलतात. झाडाला लाड नको, शिस्त हवी.

६ फेब्रुवारी
शेंड्याची पानं मुडपलेली. खालून चिकट, आणि हिरवे ठिपके. ठिपके चालतात. मावा! निदान दोन मिनिटांत. हे म्हणाले, एक पान कृषी केंद्रात दाखवून ये. म्हटलं, आजवर दुसऱ्यांच्या सल्ल्याने एकच गोष्ट केली, ती म्हणजे लग्न. हे पेपरात शिरले.

७ फेब्रुवारी
साबणाचं पाणी फवारलं. साबण चमचाभर घ्या म्हणतात. मी वाटीभर घेतला. अर्धवट कामं मला जमत नाहीत.

१० फेब्रुवारी
पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. करपा! हे साबणाचं काहीतरी पुटपुटत होते. लक्ष दिलं नाही. माझ्यासारखीच्या घरी एकावर एक दोन रोग? म्हणजे बाहेरून आले. बाहेर म्हणजे कुठून, ते लिहायला नको. खालीच राहतात.

१४ फेब्रुवारी
मुख्य आरोपी सापडला! यांचं शब्दकोड्याचं भिंग घेऊन बसले होते. काळा, लांबोडा, अंगावर काटे, पाठीवर नारिंगी डाग. हुबेहूब तांदळाएवढी मगर. माव्याच्या घोळक्यात ऐटीत उभी, म्हणजे त्यांची मुकादम. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, माणसाचं कॅरॅक्टर चेहऱ्यावर दिसतं. हिच्या तर पाठीवरही दिसत होतं.
शेजारच्या पानावर एक लेडीबर्ड बसली होती. लाल झगा, काळे ठिपके, किती गोड! बालवर्गापासूनची ओळख. तिला हात लावला नाही.
चिरंजीव फोनवर म्हणाला, आई, त्या किड्याचा फोटो पाठव, शोधून सांगतो. म्हटलं, चोर घरात शिरल्यावर फोटो काढत बसू?

१५ फेब्रुवारी
भुवयांच्या चिमट्याने मगरी धरल्या. चिरडणार होते, पण मग न्यायाने विचार केला. पाइपवरून चढून आल्या त्या खालून. मग खालीच जाव्यात. कागदावर घेऊन गजांतून झटकल्या. थेट नर्सबाईंच्या कुंडीत. साभार परत.

२१ फेब्रुवारी
चहाआधी मगरी खाली, हा आता नेम. हे म्हणाले, अगं, मावा उलट वाढतोय. म्हटलं, मुकादम गेला की मजूर चार दिवस असेच उंडारतात. वाकून खाली पाहिलं. त्यांच्याही शेंड्यांवर मावा. मूळ तिथेच, मी म्हणत नव्हते?

२६ फेब्रुवारी
नर्सबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, वहिनी, तुमच्याकडेही मावा पडलाय का हो? मी म्हटलं, माझ्याकडे? छे! तुमचं कसं काय? म्हणाल्या, आता उतार आहे. नर्सची जुनी सवय, दुसरं काय. पेशंट आचके देत असला तरी नातेवाइकांना सांगायचं, उतार आहे.

४ मार्च
माझ्याकडे मगर औषधालाही उरली नाही. संपूर्ण विजय! झाडं तेवढी दमलेली दिसतात. पानं काळपट, त्यावर मुंग्यांची वर्दळ. मोठ्या आजारानंतर अशक्तपणा यायचाच. फळ एकच, सुपारीएवढं. मी क्वांटिटीच्या मागे कधीच नव्हते.

१० मार्च
सेक्रेटरी आले. बाल्कनीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि विचारलं, काकू, यातली टोमॅटोची झाडं कुठली? मी बोट लावून दाखवलं. फळ गळून त्यांच्या बुटावर पडलं. म्हटलं, खाली चला, तिथे याहून भीषण आहे. मी स्वतः पुढे झाले. हेही आले, कधी नव्हे ते.
खाली लालभडक घोस. मावा नावाला नाही. पानोपानी लेडीबर्ड.
नर्सबाई म्हणाल्या, औषध नाही, फवारणी नाही. रोज सकाळी वरून काळ्या अळ्या पडायच्या. मी मेली घाबरले, डबीत घालून कृषी केंद्रात नेल्या. तिथले साहेब हसायला लागले. म्हणाले, बाई, ही लेडीबर्डची पिल्लं, दिवसभर मावाच खातात, कोण पाठवतं त्याचे पाय धरा.
सेक्रेटरींनी वर आमच्या गजांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हे इतके खोकले की नर्सबाईंनी धावत पाणी आणलं.
कोपरा त्यांना. सेक्रेटरीला झाडांतलं शष्प कळत नाही.

११ मार्च
नर्सबाई पिशवीभर टोमॅटो घेऊन दारात. म्हणाल्या, वहिनी, एक अडचण आहे. गच्चीच्या वर मजला नाही, तेव्हा वरून टाकायला कोणी नसणार. तुम्हीच आलात तर बरं होईल.
चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. नर्सच ती.
मी म्हटलं, सल्लागार म्हणून येईन, फक्त सकाळी. त्या म्हणाल्या, हो हो, सल्लागार.
यांनी उभ्याउभ्या तीन टोमॅटो खाल्ले. मी दोन, तपासणीपुरते.
साल जाड आहे.