घोड्याची परीक्षा

आई,

तू होतीस तेव्हा तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुला वाचता यायचं, पण हळू, एकेका अक्षरावर बोट ठेवून. आणि मी तुझ्यापासून एवढी लांब कधी गेलेच नव्हते. मुंबईला गुरांच्या डॉक्टरकीला होते तेव्हा शनिवारी घरी यायचे. नोकरी लागली ती धसईच्या बाजूच्या जनावरांच्या दवाखान्यात, तुझ्या माहेरच्या गावाजवळ. संध्याकाळी किन्हवलीवरून स्कूटी मारत शेणव्याला घरी यायचे, तेव्हा तू ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायचीस. आता मी टोरांटोला आहे, कॅनडात. तुला हे सांगितलं असतं तर तू सूप खाली ठेवून विचारलं असतंस, "कशाला गो एवढ्या लांब? इथली गुरं काय सरली?"

एका घराच्या तळघरात माझी एक खोली आहे. खिडकी छताला लागून, आणि बाहेरून बघितलं तर जमिनीबरोबर. थंडीत तिच्यावर अर्ध्यापर्यंत बर्फ साचतो आणि उजेड दुधात पाणी घातल्यासारखा येतो. वर घरमालकांच्या चालण्याचा आवाज येतो, ते कधी जेवतात, कधी निजतात हे मला कळतं, पण त्यांचा चेहरा मी महिन्यातून एकदा बघते. शुक्रवारी कामावरून आले की सोमवार सकाळपर्यंत कुणाशी फारसं बोलायचं कारण पडत नाही. सोमवारी बसमध्ये चढताना ड्रायव्हरला 'गुड मॉर्निंग' म्हणते तर आवाज फाटका निघतो, तापातून उठलेल्या माणसासारखा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मीच दचकले. आता बस यायच्या आधी स्टॉपवर हळूच खाकरून घेते.

धसईला असताना मला शांततेची किती हौस होती. दवाखान्याचं दार उघडायच्या आधी माणसं येऊन बसलेली असायची. कुणाची शेळी फुगली, कुणाच्या व्यालेल्या गाईचा जार अडकला, कुणी नुसतंच विचारायला आलेलं. अगदी सुरुवातीला मात्र कुणी येत नव्हतं. पहिल्याच महिन्यातला तो म्हातारा तुला आठवत असेल, मी घरी येऊन सांगितलं होतं. बैलाच्या खांद्याला गळू झालं होतं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मोठा डाक्टर नाय काय?" मी म्हटलं, मीच डॉक्टर. तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या बाई, तुमाला नाय जमायचं," आणि बैल घेऊन चालायला लागला. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत रडू दाबलं आणि चुलीपाशी तुला बघितल्यावर सोडून दिलं. तू भाकरी थापत होतीस. थापायचं थांबवलं नाहीस. माझं सगळं ऐकून झाल्यावर म्हणालीस, "रडाया घरी येव नको. रडायचं त तिथंच रड. घरी जेवाया ये." मला इतका राग आला की मी जेवले नाही. तू ताट झाकून ठेवलंस आणि निजायला गेलीस.

पुढच्या बाजारच्या दिवशी तू एकटीच शहापूरला गेलीस आणि येताना काळे गमबूट घेऊन आलीस. दुकानात बाईच्या मापाचे नव्हते, म्हणून पुरुषांचे, त्यातल्या त्यात लहान. "पुढं बोळे घाल," म्हणालीस. मी त्यात वर्तमानपत्राचे बोळे घालून आणि दोन मोजे चढवून गोठ्यागोठ्यातून फिरले. लांबूनच माझ्या चालण्याचा फटाक फटाक आवाज यायचा आणि पोरं ओरडायची, बूटवाली बाई आली. तो म्हाताराही पुढं एकदा आला, बैल घेऊन नाही, गाभण म्हैस घेऊन. दावं माझ्या हातात दिलं आणि बाजूला उभा राहिला.

तू गेलीस तेव्हा मी तिथं जेमतेम रुळले होते. त्यानंतरची माझी बरीच वर्षं चांगली गेली असंच सगळे म्हणतील. सरकारी नोकरी, गाडी, गावोगावी मान. लग्नाचं दोनतीनदा जमता जमता राहिलं आणि मग तो विषय माझ्यापुरता संपला. इतरांचा संपला नाही. हळदीला जावं तर बायका जागा करून देत आणि मग कीव आल्यासारख्या नजरेनं बघत. एखाद्या घरी रेडकू बाहेर काढून हात धुवायला गेले तर तिथली म्हातारी पाणी घालता घालता विचारी, "बाई, मग तुमचं काय?" रागानं नव्हे गो, मायेनंच. दादावहिनीनं मला कधी शब्दानं दुखावलं नाही. पण घरात पाहुणा आला की माझी ओळख करून देताना दादाचा आवाज किंचित खाली जायचा. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं इकडे अर्ज केला होता, तिनं मलाही करायला लावला. तिचं पुढं काही झालं नाही. माझं झालं.

इथं येऊन कळलं की मी अजून डॉक्टर नाही. लेखी परीक्षा द्यायच्या, मग हातानं करून दाखवायची परीक्षा, तोवर दुसऱ्याच्या दवाखान्यात मदतनीस. मी कुत्र्यामांजरांचे पिंजरे धुते, नखं कापते, डॉक्टर सुई टोचतात तेव्हा जनावर धरते. दवाखाना चांगला आहे, माणसं वाईट नाहीत. दुपारी एका टेबलाभोवती बसून जेवतो. त्यांच्या गप्पा मला कळतात, पण त्यात पाऊल कुठून टाकायचं ते कळत नाही. मी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. जनावरांशी मात्र मी आपलंच बोलते. एकदा एक म्हातारा कुत्रा टेबलावर थरथरत होता, त्याला मी म्हणत होते, "हां रे, झालं रे, काय नाय करत तुला." त्याच्या मालकिणीनं विचारलं, ही कुठली भाषा? मी म्हटलं, माझ्या आईची. ती बाई एकदम हळवी झाली आणि मला उगीच खोटं बोलल्यासारखं वाटलं. कारण मुंबईच्या कॉलेजात ही बोली मी जीभ घासून काढून टाकली होती. दवाखान्यातसुद्धा मी शुद्ध बोलायचे. ती परत आली इथं, तळघरात, कुणी ऐकायला नसताना.

लेखी परीक्षा मी पास झाले. हातानं करायची परीक्षा शहराबाहेर होती. मार्चमधली सकाळ होती, पण थंडी आपल्याकडे कधी बघितलीच नाही अशी. आम्हाला एका मोठ्या गोठ्यात नेलं आणि दार उघडल्याबरोबर मला शेणाचा वास आला. आई, इथं आल्यापासून मला शेणाचा वास आला नव्हता. गवत, शेण, गाईचा ऊबदार श्वास. माझ्या समोर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय होती, आपल्या गाईच्या दुप्पट, म्हशीहून उंच. परीक्षक बाई हातात कागद घेऊन उभ्या होत्या. मी गाईच्या डाव्या कुशीवर हात ठेवला, पोट गुडगुडत होतं ते तळव्याला कळलं, आणि मी तिच्या अंगाला कपाळ टेकवलं. किती वेळ ते मला माहीत नाही. परीक्षक बाईंनी हळूच विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, ठीक आहे, आणि मग मी गाय तपासली. मला सगळं येत होतं. सांगितलं नव्हतं तेही मी करून दाखवलं. गाय माझ्याकडे मान वळवून बघत राहिली.

मग घोडा आणला. आपल्याकडे घोडा म्हणजे वरातीतला, झुलीखाली दडलेला, त्याला हात लावायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पुस्तकात वाचलं होतं, चित्रफिती बघितल्या होत्या. डाव्या खांद्याकडून जायचं, मागून जायचं नाही, घाई करायची नाही. मला सगळं पाठ होतं. पाय उचलायला मी वाकले आणि त्यानं नुसतं अंग हलवलं. मी उडी मारून मागं झाले ती थेट भिंतीवर. पुन्हा गेले. मी घाबरलेय हे त्याला माझ्याआधी कळलं. त्यानं मान झटकली, दोरी माझ्या हातातून सुटली. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "धन्यवाद. आपण इथंच थांबू." मला तेव्हाच निकाल कळला होता. कागदावर तो नंतर आला. बाकी सगळ्यात पास, घोड्यात नापास. घोड्यात नापास म्हणजे नापास. पुढच्या वर्षी पुन्हा.

दादाशी माझं ठरलं होतं. मी निघताना तो म्हणाला होता, "एकदा परीक्षा दे. पास झालीस त ऱ्हा, नाय झालीस त परत ये. कुणाला काय वाटून घ्यायचं नाय." म्हणून निकाल आल्यावर मी त्याला लगेच फोन केला. तिकडे सकाळ होती, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "नापास झाले." त्यानं कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाला, "असू दे गो बाय. मग ये आता. मी वरती खोली काढाया घेतलीय तुझ्यासाठी. वेगळा जिना ठेवलाय. कुणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय." त्याच्या आवाजात इतका आनंद होता की त्याला तो लपवता येत नव्हता. माझा भाऊ माझ्यासाठी वेगळा जिना बांधतोय. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मी म्हटलं, "बघते."

त्यानंतर मी घोड्यांचा एक तबेला शोधला. शहराच्या उत्तरेला शेवटच्या स्टॉपपर्यंत बसनं जायचं, तिथून तबेल्याची मालकीण गाडीनं घेऊन जाते. सत्तरीची असेल, नवरा गेलेला, फारसं बोलत नाही. मी पगार मागितला नाही, फक्त घोड्यांजवळ राहू द्या म्हटलं. तिनं माझ्या हातात फावडं दिलं. दर रविवारी मी लीद काढते, गवत घालते, पाणी भरते. ती कधी म्हणते, "तू घाबरतेस ते बरं आहे. न घाबरणाऱ्या लोकांना मी इथं येऊ देत नाही." दुपारी आम्ही दोघी गवताच्या पेंढ्यांवर बसून डब्यातलं खातो. तिला माझी भाकरी आवडत नाही, तसं ती सांगते, आणि तरी एक तुकडा घेते. शनिवार आणि रविवार मिळून मी माणसाशी बोलते ते तेवढाच वेळ.

परवा तिथं लीद ओढता ओढता तुझी एक गोष्ट आठवली, जी मी लहानपणी नीट बघितलीच नव्हती. तू वर्षातून एकदा, गौरीच्या सुमाराला, माहेरी जायचीस, मला बरोबर घेऊन. मुरबाडहून धसईची एसटी, मग चालत. आजी पोटभर खाऊ घालायची. संध्याकाळ होत आली की म्हणायची, "ऱ्हा गो चार दिस. कोण मारतंय का तिकडं?" आणि तू दरवर्षी तेच सांगायचीस, "नाय गो आये, म्हशीला दुसऱ्याचा हात चालत नाय." आजी हळहळायची, मामा म्हशीला शिव्या द्यायचा, आणि आपण शेवटच्या गाडीनं परत यायचो. आई, त्या म्हशीची धार मी काढायचे. बाबा काढायचे. शेजारच्या काकूसुद्धा काढायच्या. ती म्हैस कुणालाही दूध द्यायची. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसून बाहेर बघायचीस. मला वाटायचं तुला माहेर सोडवत नाही. आपलं घर म्हणजे तुझ्या सासूचं घर होतं, तिथं तुला कुणी डोक्यावर घेऊन नाचत नव्हतं. तरी तू परत यायचीस, खोटं सांगून. तुला काय हवं होतं ते मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारायला तू नाहीस, आणि कदाचित सांगितलंही नसतंस.

काल दादाचा फोन आला. खोलीला लाद्या कुठल्या घालू, पांढऱ्या का करड्या, विचारत होता. मी म्हटलं, करड्या घाल, पण माझ्यासाठी घाई करू नको. तो म्हणाला, "का गो? कधी येतेस मग?" मी तळघरात उभी होते, वर घरमालक चालत होते. एकटं वाटतं हे मी त्याला सांगू शकले असते, ते खरं आहे. आणि तरीही यावंसं वाटत नाही, हे कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. मी म्हटलं, "दादा, आत्ता नाय जमणार रे. घोड्यांना माझ्या हाताची सवय झालीय."

तो म्हणाला, "असं होय," आणि त्याचा विश्वास बसला.

हे पत्र तुझ्यापर्यंत जायचं नाही, म्हणून तुला सांगते. तबेल्यातला एकही घोडा अजून मला पायाला हात लावू देत नाही. मी आत गेले की ते कान मागं पाडतात.