ओवाळण्याआधी

प्रिय पद्मिनीताई,

आपली अजून भेट नाही, तरी तुम्ही घरच्या कुरडया पाठवल्यात. पार्सल मांडीवर घेऊन हे कितीतरी वेळ अंगणात बसून होते. अजून एकही तळू दिली नाही. मनाला लावून घेऊ नका. कारण लिहितेच आहे.

यांच्या पलटणीतला तुमचा शंकर लढाईत गेल्यावर यांनी आघाडीवरून तुम्हाला लिहिलेलं पत्र तुमच्याकडच्या पेपरात छापून आलं, आणि तिथून हिंदी होऊन इथे रायपूरला. नवं राज्य झाल्यापासून इथे प्रत्येकाला आपला एक वीर हवा आहे. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातले रिक्षावाले आता सवाऱ्यांना आमचं दार दाखवतात. पानवाले धर्मपालभैया म्हणतात, कर्नलसाहेब, अब मंत्री बन ही जाओ. शालींमुळे कपाटाचं दार लागत नाही. हे हसून हार घालून घेतात. घरी आले की मात्र उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवतात आणि त्यातलं घोटभरही पीत नाहीत. गल्लीतलं एखादं पोट्टं ‘आई, पाणी’ म्हणून ओरडलं, तर हातातलं टाकून दाराकडे धावतात. मी विचारलं नाही, ताई. विचारलं तर सांगतील, याचीच भीती वाटत होती.

परवा सत्कार समितीचे हिरालालजी आले. शंकरच्या आईने स्टेजवर यांचं औक्षण करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. तुम्हाला तिकीटही पाठवलंय. मला म्हणाले, “भाभीजी, एक आँख सूखी नहीं रहेगी.” ते गेल्यावर हे म्हणाले, “त्या माउलीच्या ताटासमोर मले खोटं उभं राहता येत नाही, कौमुदी. मी माइकवरच सांगून टाकतो.” मग मला सगळं सांगितलं.

भरल्या मैदानात, हातात निरांजन धरून तुम्ही ते ऐकावं, हे मला बघवणार नाही. म्हणून हे पत्र. शंकर क्षणात गेला, त्याला काही कळलंही नाही, असं यांनी तुम्हाला लिहिलं होतं. तसं झालं नव्हतं, ताई. तो बराच वेळ हाका मारत होता, आणि यांनी कोणालाही त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. काहून, ते यांच्याच तोंडून ऐका. स्टेशनवर समितीच्या गाडीत बसू नका. मी न्यायला येते. आधी घरी चला. ओवाळायचं की नाही, ते मग तुम्हीच ठरवा. हे वाचून यावंसंच वाटलं नाही, तर तेही मी यांना सांगेन.

कुरडयांचा डबा तसाच आहे. तुम्ही म्हणाल तेव्हाच उघडीन.

तुमचीच,
कौमुदी